दुसऱ्या राज्यातली इंटर्नशिप: युनिव्हर्सिटी का अडवते आणि पुढे लायसन्सचं काय

आधी प्रश्न थोडक्यात परत मांडते. विचारणारी मुलगी नाशिकची, पुण्यात सायकॉलॉजीत एमए केलेली, आता ओहायोत क्लिनिकल मेंटल हेल्थ काउन्सेलिंगच्या मास्टर्सला, एफ-1 (विद्यार्थी) व्हिसावर, दुसरं वर्ष सुरू होतंय. नवऱ्याची नोकरी टेक्सासात, डॅलसजवळ प्लेनोला गेली. तिथल्या एका खाजगी क्लिनिकने इंटर्नशिपला हो म्हटलंय, सुपरवायझर तयार आहे, ऑगस्टपासून या म्हणतात, आणि युनिव्हर्सिटी म्हणतेय की आमची मंजुरी आल्याशिवाय पाऊल टाकू नका, आणि मंजुरी कधी येईल ते सांगत नाही. तिचे प्रश्न असे: पगार घेणार नाहीये तर युनिव्हर्सिटीला काय त्रास आहे, मंजुरी येईपर्यंत व्हॉलंटियर म्हणून सुरू केलं तर चालेल का, टेक्सासात लायसन्स मिळेल का, उद्या कॅलिफोर्नियाला जायची वेळ आली तर काय, आणि हे सगळं जमलं नाही तर इंटर्नशिप पुण्यातच केली तर.

मी अमेरिकेतल्या एका सरकारी युनिव्हर्सिटीत हेच काम बरीच वर्षं करतेय, म्हणजे दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या विद्यार्थ्यांच्या प्लेसमेंटचे कागद आणि लायसन्सवाल्या प्रोग्रामचे नियम बघणं. त्यामुळे टेबलाच्या त्या बाजूने नक्की काय चाललेलं असतं ते सांगू शकते. तुमच्या युनिव्हर्सिटीचे अंतर्गत नियम मला माहीत नाहीत आणि मी इमिग्रेशन वकील नाही, तेवढं धरून वाचा.

घाईचं उत्तर आधी. व्हॉलंटियर म्हणून सुरू करू नका, एक दिवससुद्धा नको. एक तर ते तास धरलेच जाणार नाहीत. इंटर्नशिपचे तास म्हणजे तुम्ही त्या कोर्सला नाव नोंदवलंय, दर आठवड्याला साइटवरचा सुपरवायझर तासभर बसतोय, शिवाय फॅकल्टीबरोबर ग्रुप सुपरव्हिजन चालू आहे, असे तास. त्याआधी केलेलं काम कितीही चांगलं असलं तरी हिशोबात शून्य. दुसरं, बहुतेक राज्यांत लायसन्स नसलेल्या विद्यार्थ्याला क्लायंटसमोर बसायची जी सूट असते ती कोर्सला बांधलेली असते, कोर्स नाही तर सूट नाही, मग तुम्ही विनालायसन्स काउन्सेलिंग करणारी व्यक्ती ठरता, आणि हा ठपका पुढे बोर्डाच्या अर्जात उत्तर देत बसावा असा असतो. तिसरं व्हिसाचं. नफ्यासाठी चालणाऱ्या खाजगी क्लिनिकमध्ये, जे काम एरवी पगार देऊन करून घेतात ते तुम्ही फुकट केलं म्हणून ते आपोआप व्हॉलंटियरिंग होत नाही. पैसे नाही घेतले म्हणजे व्हिसाला चालतं हा समज आपल्या मुलांमध्ये फार पसरलाय आणि त्याची किंमत एच-1बी (नोकरीचा व्हिसा) किंवा ग्रीन कार्डच्या वेळी मोजावी लागते.

आता मूळ मुद्दा. तुम्हाला वाटतंय युनिव्हर्सिटी एक मंजुरी अडवून बसलीय. प्रत्यक्षात त्या एका फॉर्मच्या मागे चार वेगवेगळ्या लोकांचे चार वेगवेगळे प्रश्न असतात. टेक्सास राज्य विचारतं की ओहायोची युनिव्हर्सिटी आमच्या हद्दीत शिकवतेय ती कोणाच्या परवानगीने. लायसन्स बोर्ड विचारतं की क्लायंटसमोर कोण बसलंय आणि त्याच्यावर जबाबदार कोण. युनिव्हर्सिटीचे वकील विचारतात की उद्या काही झालं तर पैसे कोण भरणार. आणि इंटरनॅशनल ऑफिस विचारतं की ही इंटर्नशिप सीपीटीत (अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करायची विद्यार्थी व्हिसावरची परवानगी) बसते का. यातला एकाचा होकार दुसऱ्याला लागू होत नाही. विद्यार्थी डीएसओकडून (इंटरनॅशनल ऑफिसातला, विद्यार्थ्यांचा व्हिसा बघणारा अधिकारी) हो घेऊन येतात आणि समजतात झालं, मग आम्ही नाही म्हटलं की रागावतात.

पहिला प्रश्न सगळ्यात सोपा सुटतो तो आधी संपवते. अमेरिकेत शिक्षणावर राज्यांचा अधिकार आहे, त्यामुळे बाहेरची युनिव्हर्सिटी आपल्या राज्यात काही करत असेल तर राज्य तिला जाब विचारू शकतं. तुम्ही प्लेनोत बसून ओहायोच्या क्रेडिटसाठी काम करणार म्हणजे तुमची युनिव्हर्सिटी टेक्सासात काहीतरी करतेय, एवढं साधं आहे ते. पूर्वी यासाठी राज्याराज्यात वेगळे अर्ज करावे लागायचे. मग स्टेट ऑथोरायझेशन रेसिप्रॉसिटी अ‍ॅग्रीमेंट, बोलताना सगळे सारा म्हणतात, तो करार आला आणि 2014 पासून राज्यं एकेक करून त्यात आली. आज 49 राज्यं त्यात आहेत, बाहेर आहे ती फक्त कॅलिफोर्निया. ओहायो आणि टेक्सास दोन्ही आत आहेत. त्यामुळे तुमची युनिव्हर्सिटी साराची सदस्य असेल (यादी उघड आहे, नाव टाकून बघा) तर देखरेखीखालची इंटर्नशिप त्यात येते, फक्त एका प्रोग्रामचे दहापेक्षा जास्त विद्यार्थी एकाच वेळी एकाच साइटवर नसावेत. तुमच्या क्लिनिकला त्याची चिंता नाही. म्हणजे "आम्ही त्या राज्यात ऑथोराइज्ड नाही" हे उत्तर जर तुम्हाला तोंडी मिळालं असेल तर नम्रपणे विचारा की साराखाली हे बसत नाही का, कारण कधीकधी डिपार्टमेंटमधल्या माणसाला जुनं काहीतरी आठवत असतं.

पण सारा कुठे थांबतो ते नीट समजून घ्या, कारण गोंधळ नेमका तिथेच होतो. सारा म्हणजे युनिव्हर्सिटीला राज्यात शिकवायची परवानगी. तुमची डिग्री त्या राज्याच्या लायसन्स बोर्डाला चालेल की नाही, याच्याशी साराचा काडीचा संबंध नाही. एमएच पासिंगची गाडी बंगळुरूपर्यंत चालवत नेता येते, पण तिथेच राहायचं म्हटलं की एनओसी, तिथला रोड टॅक्स, नवा नंबर, गाडी तीच असली तरी. लायसन्सचं तसंच आहे, ज्या राज्यात कायमचं काम करायचं त्या राज्याचं बोर्ड नव्याने सगळं बघतं.

बोर्डाचा विद्यार्थ्यांवरचा हात प्रत्येक व्यवसायात कमीजास्त असतो. काउन्सेलिंगमध्ये बहुतेक राज्यं वर म्हटली तशी सूट देतात, ओहायोत मात्र विद्यार्थ्याला काउन्सेलर ट्रेनी म्हणून बोर्डाकडे नोंद करावी लागते, तुम्ही केली असेलच. ती ओहायोची नोंद टेक्सासात कामाची नाही. नर्सिंगवाल्यांनी हे वाचून निर्धास्त होऊ नका, तिकडे फार कडक आहे: क्लिनिकल ज्या राज्यात करणार तिथे चालणारं आरएन (नोंदणीकृत नर्स) लायसन्स हातात लागतं, आणि कॅलिफोर्नियासारख्या राज्यात तर बाहेरच्या नर्स प्रॅक्टिशनर प्रोग्रामला विद्यार्थी पाठवण्याआधी तिथल्या नर्सिंग बोर्डाची मंजुरी घ्यावी लागते. तुमच्या मैत्रिणीचं दुसऱ्या राज्यात चटकन झालं म्हणून तुमचं होईल असं नाही, ती कुठल्या व्यवसायात आहे ते आधी विचारा.

इथेच एक गोष्ट, जी हल्ली सारखी पुढे येते. टेलिहेल्थ. क्लिनिक म्हणेल की तू ओहायोतच राहा, व्हिडिओवर आमचे क्लायंट बघ, म्हणजे परवानगीचा प्रश्नच नको. उलट आहे. काउन्सेलिंग कुठे झालं हे साधारणपणे क्लायंट कुठे बसलाय त्यावरून ठरतं. क्लायंट प्लेनोत तर काम टेक्सासात झालं. आणि तो क्लायंट ट्रिपला ओक्लाहोमाला गेला आणि तिथल्या हॉटेलातून त्याने सेशन घेतलं तर तिसरं राज्य आलं. म्हणून प्रत्येक सेशनच्या सुरुवातीला आत्ता कुठे आहात असं विचारून नोटमध्ये लिहायची सवय लावा.

आता वेळ कुठे जातो ते. सगळ्यांना वाटतं सरकारी परवानगीत जातो, खरं तर जातो तो करारात. युनिव्हर्सिटी आणि क्लिनिक यांच्यात अ‍ॅफिलिएशन अ‍ॅग्रीमेंट लागतं. क्लिनिक आपला छापील नमुना पाठवतं, त्यात एक कलम हमखास असतं की विद्यार्थ्यामुळे काही नुकसान झालं तर युनिव्हर्सिटी ते भरून देईल आणि भांडण झालं तर टेक्सासचा कायदा लागू. सरकारी युनिव्हर्सिटीला असं वचन सहसा देताच येत नाही, राज्याच्या पैशावर अशी खुली जबाबदारी घ्यायला राज्याचा कायदाच आडवा येतो. मग आमचे वकील ते कलम खोडून "कायदा परवानगी देईल त्या मर्यादेत, ज्याने त्याने आपापल्या चुकीची जबाबदारी घ्यावी" असं काहीतरी घालतात, क्लिनिकचा मालक ते त्याच्या वकिलाला पाठवतो, त्या वकिलाला अशा कामाचे फारसे पैसे मिळत नाहीत म्हणून तो ते बाजूला ठेवतो, आणि एका वाक्यावर आठवडेच्या आठवडे जातात. विद्यार्थी बिचारा दोन्हीकडे फोन करत राहतो. तुम्ही करू शकता अशी गोष्ट म्हणजे क्लिनिकला पहिल्याच दिवशी विचारा की युनिव्हर्सिटीचा नमुना करार वापरायला तयार आहात का. छोटी क्लिनिकं बऱ्याचदा तयार असतात, फक्त त्यांना कोणी विचारलेलं नसतं. मोठं हॉस्पिटल असेल तर विसरा, ते त्यांचाच नमुना लादतात, पण कधीकधी त्यांचा तुमच्या युनिव्हर्सिटीशी आधीच करार झालेला असतो, तेही विचारून घ्या.

करारासोबत विमा येतो. विद्यार्थ्याचा प्रोफेशनल लायबिलिटी विमा लागतो, साइट साधारणपणे एका घटनेला दहा लाख डॉलर आणि वर्षाला एकूण तीस लाख अशी मर्यादा मागतात. युनिव्हर्सिटीची पॉलिसी दुसऱ्या राज्यात लागू आहे का हे लेखी घ्या. आणि सुपरवायझर. तुमचा प्रोग्राम केक्रेप मान्यतेचा असेल (काउन्सेलिंगच्या प्रोग्रामना मान्यता देणारी मुख्य संस्था ती) तर साइट सुपरवायझरला काउन्सेलिंग किंवा जवळच्या विषयात किमान मास्टर्स, चालू लायसन्स, मास्टर्सनंतर किमान दोन वर्षांचा अनुभव आणि सुपरव्हिजनचं प्रशिक्षण लागतं. क्लिनिकने ज्यांचं नाव दिलंय त्यांचं लायसन्स टेक्सास बोर्डाच्या साइटवर शोधा, नंबर, प्रकार, मुदत आणि काही कारवाई झालीय का ते बघा, त्या पानाची प्रत फॉर्मला जोडा. आमच्याकडे असा फॉर्म आला की तो पहिल्या गठ्ठ्यात जातो, कारण आम्हाला जे शोधत बसावं लागतं ते आधीच केलेलं असतं.

व्हिसा. केक्रेपचा हिशोब आधी 100 तासांचं प्रॅक्टिकम, त्यातले 40 थेट क्लायंटबरोबर, आणि त्यानंतर 600 तासांची इंटर्नशिप, त्यातले 240 थेट. तुमच्या प्रश्नात एक गोष्ट कळत नाही: प्रॅक्टिकम झालंय की बाकी आहे. बाकी असेल तर ऑगस्टमध्ये इंटर्नशिप सुरू होऊच शकत नाही, कुठल्याही राज्यात, आणि मग ही सगळी धावपळ ऑगस्टसाठी नाहीच आहे. बाकी नसेल तर पुढचं गणित बघा. 600 तास एका सेमिस्टरच्या पंधरा आठवड्यांत बसवायचे तर आठवड्याला 40 तास होतात, ती फुलटाइम सीपीटी. दोन सेमिस्टरमध्ये वाटले तर आठवड्याला 20, म्हणजे पार्टटाइम. फुलटाइम सीपीटी एकूण बारा महिने किंवा जास्त झाली तर त्याच लेव्हलची ओपीटी (पदवीनंतर काम करायची परवानगी) जाते, पार्टटाइमने जात नाही. तुम्ही त्या मर्यादेच्या जवळपास नाही, तरी मोजत राहा. सीपीटी ठरावीक एम्प्लॉयरची, ठरावीक तारखांची असते आणि आय-20 च्या (युनिव्हर्सिटी देते तो एफ-1 चा कागद) दुसऱ्या पानावर छापून येते, ते पान हातात आल्यावरच काम सुरू. पत्ता बदलला की दहा दिवसांत कळवायचा.

पण तुमच्या बाबतीत सीपीटीपेक्षा मला दुसऱ्याच गोष्टीची काळजी वाटते. एफ-1 विद्यार्थ्याला फुलटाइम कोर्सलोडमध्ये दर सेमिस्टरला एकच ऑनलाइन कोर्स, तीन क्रेडिटपर्यंत, धरता येतो. तुम्ही प्लेनोत राहणार, ग्रुप सुपरव्हिजन व्हिडिओवर, आणि त्याशिवाय दोन कोर्स बाकी असतील तर ते कुठे बसून करणार? शेवटच्या सेमिस्टरला एकच कोर्स उरला असेल आणि तोही ऑनलाइन असेल तर आणखी अडचण. हे डीएसओला ईमेलवर विचारा, तोंडी नको, आणि प्रश्न "मला टेक्सासात सीपीटी मिळेल का" असा विचारू नका, त्याचं उत्तर हो येईल आणि तुम्ही फसाल. असं विचारा की स्प्रिंगमध्ये (जानेवारीच्या सेमिस्टरला) मी टेक्सासात राहणार, माझे एवढे क्रेडिट, त्यातला कुठला कोर्स कुठल्या पद्धतीने, माझं स्टेटस टिकतं का.

तर इथवर काय झालं: राज्याची परवानगी बहुधा साराने सुटेल, करार आणि विमा वेळखाऊ आहे पण सुटणारा आहे, व्हिसाचं उत्तर तुमचे कोर्स किती उरलेत त्यावर आहे, आणि प्रॅक्टिकम झालं नसेल तर ऑगस्टचा प्रश्नच नाही.

आता लायसन्स. इंटर्नशिप एका वर्षात संपेल, लायसन्स आयुष्यभर लागेल, आणि विद्यार्थी याचा विचार सगळ्यात शेवटी करतात, म्हणून इथे जरा जास्त लिहिते.

केंद्र सरकारच्या नियमाप्रमाणे जुलै 2020 पासून, लायसन्सकडे नेणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामबद्दल, कॅम्पसवरचा असो की ऑनलाइन, युनिव्हर्सिटीने जाहीर करायचं असतं की कुठल्या राज्याच्या शैक्षणिक अटी त्यात पूर्ण होतात आणि कुठल्या नाही. तेव्हा तिसरा रकाना होता, "अजून ठरवलेलं नाही", आणि बरीच राज्यं त्यात ढकललेली असायची. जुलै 2024 पासून लागू झालेल्या नियमांत ती पळवाट काढली, आणि वर असं आलं की प्रवेशाच्या वेळी विद्यार्थी ज्या राज्यात असेल तिथल्या अटी प्रोग्रामने पूर्ण केल्याच पाहिजेत, किंवा विद्यार्थ्याने लेखी द्यायचं की मी अमुक दुसऱ्या राज्यात काम करणार आहे आणि प्रोग्राम तिथल्या अटी पूर्ण करतो. तुमच्यासाठी याचा अर्थ असा: प्रवेश घेताना तुम्ही ओहायोत होतात, म्हणून युनिव्हर्सिटीने हमी दिली ती ओहायोची. टेक्सासची हमी त्यांनी तुम्हाला कधीच दिलेली नाही.

मात्र राज्य बदललं हे तुम्ही त्यांच्या ठरलेल्या पद्धतीने कळवलंत की चक्र फिरतं. नव्या राज्यात प्रोग्राम बसत नाही असं त्यांनी ठरवलं तर ते ठरवल्यापासून 14 दिवसांत तुम्हाला लेखी कळवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. प्रोफेसरला बोलताबोलता सांगितलं, किंवा फक्त टपालाचा पत्ता बदलला, ते यात धरलं जाईलच असं नाही. रजिस्ट्रारच्या पोर्टलवर लोकेशन बदलण्याची जी पद्धत असेल तीच वापरा आणि सबमिट केल्याचा स्क्रीनशॉट ठेवा. काही युनिव्हर्सिटी इंटर्नशिपपुरतं गेलेल्या विद्यार्थ्याचं लोकेशन बदललं असं मानत नाहीत, तसं असेल तर तुम्हीच मागून घ्या.

आणि त्या पानावर टेक्सासपुढे "पूर्ण करतो" असं दिसलं तरी त्याचा अर्थ मर्यादित आहे, ते फक्त शिक्षणाच्या अटींबद्दल आहे. टेक्सासात डिग्रीनंतर आधी एलपीसी (लायसन्स्ड प्रोफेशनल काउन्सेलर) असोसिएट, म्हणजे देखरेखीखाली काम करणारा काउन्सेलर, व्हावं लागतं: राष्ट्रीय परीक्षा, टेक्सासच्या कायद्याची ज्युरिसप्रुडन्स परीक्षा, बोटांचे ठसे, आणि असा सुपरवायझर ज्याच्याकडे एलपीसी-एस हे खास पद आहे. मग 3,000 तास, त्यातले 1,500 थेट क्लायंटबरोबर, आणि कमीत कमी 18 महिने. त्यानंतर पूर्ण एलपीसी. ओहायोचा रस्ता वेगळा आहे, तिथे डिग्री आणि परीक्षेनंतर आधी एलपीसी मिळतं आणि 3,000 तासांनंतर एलपीसीसी (लायसन्स्ड प्रोफेशनल क्लिनिकल काउन्सेलर). म्हणजे एलपीसी हीच तीन अक्षरं ओहायोत पहिली पायरी आणि टेक्सासात शेवटची. नोकरीच्या जाहिराती वाचताना हे डोक्यात ठेवा.

आता हे 18 महिने ओपीटीशेजारी ठेवून बघा. क्लिनिकल मेंटल हेल्थ काउन्सेलिंग सहसा स्टेमच्या (विज्ञान-तंत्रज्ञान विषयांच्या) यादीतल्या कोडखाली येत नाही, म्हणजे 24 महिन्यांची वाढ नाही, ओपीटी फक्त बारा महिने. तास पूर्ण व्हायच्या आधी ओपीटी संपते. वर ओपीटीत बेरोजगार राहायची मुभा 90 दिवसांची, आणि असोसिएट लायसन्स हातात येईपर्यंत काम सुरू करता येत नाही, बोर्डाकडे अर्जाला आठवडे लागतात, ते 90 दिवस तिकडे पळत असतात. मी माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी सांगते की राष्ट्रीय परीक्षा पदवीआधी द्यायची सोय असेल तर द्या, ज्युरिसप्रुडन्स परीक्षेचं आणि ठशांचंही तेच, आणि ओपीटीची सुरुवातीची तारीख निवडताना बोर्डाचा वेळ मोजा, लवकरात लवकरची तारीख घेण्याचा मोह टाळा. नंतरच्या एच-1बीसाठी युनिव्हर्सिटीशी संलग्न नॉनप्रॉफिट किंवा युनिव्हर्सिटीची काउन्सेलिंग सेंटर्स बघा, त्यांना एच-1बीच्या लॉटरीतून जावं लागत नाही. खाजगी क्लिनिकला जावं लागतं. तुम्हाला जिथे इंटर्नशिप मिळालीय तिथेच नोकरी मिळेल असं धरून चालला असाल तर त्यांना आत्ताच विचारा की स्पॉन्सर कराल का आणि तुमच्याकडे एलपीसी-एस आहे का. दोन्ही उत्तरं नाही आली तर त्या जागेचं आकर्षण मला तरी निम्मं वाटेल.

कॅलिफोर्निया. तिथे लायसन्सचं नाव एलपीसीसी, तासही 3,000 च, पण डिग्रीत काय काय शिकवलं ते फार बारकाईने बघतात: तिथला कायदा आणि नीतिनियम, ह्युमन सेक्शुअ‍ॅलिटी, बालशोषण ओळखणं, जोडीदाराकडून होणारा छळ, वृद्धत्व, असे विषय वेगळे मागतात. ह्युमन सेक्शुअ‍ॅलिटी फ्लोरिडातही मागतात, न्यूयॉर्कमध्ये बालशोषण ओळखण्याचं प्रशिक्षण सक्तीचं आहे. कॅलिफोर्नियाला जाण्याची दहा टक्के शक्यता असली तरी आत्ता एखादा इलेक्टिव्ह शिल्लक असेल तर तो ह्युमन सेक्शुअ‍ॅलिटीला द्या. डिग्री 60 क्रेडिटची आहे ना तेही बघा, जवळजवळ सगळीकडे आता तीच अपेक्षा आहे. काउन्सेलिंग कॉम्पॅक्टबद्दल (एका राज्याच्या लायसन्सवर दुसऱ्या राज्यात काम करू देणारा राज्यांचा करार) ऐकलं असेल, पण तो पूर्ण लायसन्स असलेल्यांसाठी आहे, विद्यार्थी आणि असोसिएटसाठी नाही, तुमचा आजचा प्रश्न त्याने सुटत नाही.

पुण्यात इंटर्नशिप करण्याबद्दल: सारा देशाबाहेर लागू नाही, अमेरिकेबाहेरच्या कामाला सीपीटी लागत नाही, पण सेमिस्टर चालू असताना देशाबाहेर राहिलात तर एफ-1 स्टेटसचं काय हा प्रश्न उभा राहतो, आणि तिथल्या सुपरवायझरची पात्रता तुमच्या प्रोग्रामने आणि पुढे टेक्सास बोर्डाने मानली पाहिजे. मला हा मार्ग लायसन्सच्या दृष्टीने धोक्याचा वाटतो. आणि भारतात परतायचं मनात असेल तर लक्षात घ्या की क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट ही ओळख भारतात रिहॅबिलिटेशन कौन्सिलच्या मान्यताप्राप्त कोर्सवर आहे, अमेरिकन काउन्सेलरचं लायसन्स तिची जागा घेत नाही.

मी तुमच्या जागी असते तर काय केलं असतं, हे तुम्ही विचारलं नाहीत पण सांगते. प्रॅक्टिकम बाकी असेल तर ते फॉलमध्ये ओहायोतच, कॅम्पसवरचे उरलेले कोर्सही त्याच सेमिस्टरमध्ये जास्तीत जास्त संपवून टाकायचे. इंटर्नशिप जानेवारीपासून प्लेनोत: स्प्रिंगचे पंधरा आठवडे वीस तासांनी तीनशे, समरचे बारा आठवडे पंचवीस तासांनी तीनशे. समरची सीपीटी फुलटाइम धरली जाईल पण ती तीन महिन्यांची, चिंता नाही. करार, विमा, बॅकग्राउंड चेक यांना पूर्ण फॉल मिळतो. काही महिने नवऱ्यापासून लांब राहावं लागेल हे मला कळतं, आणि हे लिहिताना सोपं वाटतं तितकं ते नसतं. पण घाईत सुरू केलेल्या इंटर्नशिपचे तास नंतर बोर्डाने नाकारले की ते सगळं परत करावं लागतं आणि तोवर एफ-1 संपलेला असतो, त्यात दोघांचे हाल होतात.

आणि आजपासून एक फोल्डर करा. प्रत्येक कोर्सचा त्या सेमिस्टरचा पूर्ण सिलॅबस पीडीएफमध्ये, कॅटलॉगचं वर्णन, तासांची नोंद आठवड्याआठवड्याला, थेट आणि इतर वेगवेगळे, सुपरवायझरची सही आणि लायसन्स नंबर, विम्याचं सर्टिफिकेट, सगळे आय-20. काही वर्षांनी एखादं बोर्ड विचारतं की तुमच्या असेसमेंटच्या कोर्समध्ये नक्की काय शिकवलं, तेव्हा प्रोफेसर निवृत्त झालेले असतात आणि डिपार्टमेंटकडे जुना सिलॅबस सापडेलच असं नसतं. माझ्याकडे येणाऱ्या माजी विद्यार्थ्यांच्या फोनमधले बरेचसे फोन याच कारणासाठी असतात.

ईमेल आजच करा, एकच, प्रोग्रामच्या क्लिनिकल कोऑर्डिनेटरला, डीएसओला आणि स्टेट ऑथोरायझेशन बघणाऱ्या माणसाला एकत्र. त्यात साइटचं नाव आणि पत्ता, सुपरवायझरचा लायसन्स नंबर, सुरू करायची तारीख, आठवड्याचे तास, स्प्रिंगमध्ये कुठे राहणार, आणि लायसन्स टेक्सासात घ्यायचं आहे हे स्पष्ट लिहा. क्लिनिकलाही कळवा की ऑगस्ट जमणार नाही, जानेवारी चालेल का, कारण त्यांनी तुमच्यासाठी जागा धरून ठेवली असेल तर फॉलसाठी दुसरा इंटर्न शोधायला त्यांनाही वेळ लागेल.